पुन्हा पुन्हा मोडणारा प्रार्थनेचा नेम

सलाम. तुम्ही एकाच प्रश्नात तीन प्रश्न विचारलेत. रोजचं वाचन-प्रार्थना उत्साहाने सुरू होतं आणि काही आठवड्यांत बंद पडतं. प्रार्थनेत बसलं तरी काही जाणवत नाही. आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने (देवाकडून फुकट) मिळत असेल तर मग हा आटापिटा कशाला? शेवटचा आधी घेतो. तो सुटल्याशिवाय बाकीच्या दोघांना हात लावून उपयोग नाही.

प्रेषित पौल फिलिप्पैकरांस पत्रात (2:12, म्हणजे अध्याय 2, वचन 12) आपलं तारण भीत व कापत साधून घ्या म्हणतो आणि पुढच्याच वचनात सांगतो, की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देवच आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रातही (15:10) तेच: इतर सगळ्यांपेक्षा मी जास्त श्रम केले, पण ते मी नव्हे, देवाच्या कृपेने. श्रम आणि कृपा यांचं भांडण त्याच्या डोक्यात नाहीच. देवाची मर्जी मिळवायला आपण धडपडत नाही, ती ख्रिस्तात मिळालेली आहे. हे मनात पक्कं नसलं की नेम कर्जाच्या हप्त्यासारखा होतो. दोन हप्ते थकले की माणूस सावकाराची गल्लीच टाळतो. माझ्या पाहण्यात बहुतेकांचे नेम आळसापेक्षा या शरमेनेच मोडतात.

आता 'विश्वास वाढवणे' याबद्दल. डोळे घट्ट मिटून मनातून खात्री पिळून काढायची, असा त्याचा अर्थ बरेच जण घेतात. प्रेषितांनीही 'आमचा विश्वास वाढवा' अशी मागणी केली होती (लूक 17:5). प्रभूने उत्तरात सांगितलं, की मोहरीच्या दाण्याएवढा विश्वासही पुरे. आपल्या दाण्याचं माप काढत बसण्यापेक्षा तो कोणावर ठेवलाय तिकडे पाहावं, असं मी त्यातून घेतो. रोमकरांस 10:17 प्रमाणे विश्वास ऐकण्याने येतो. म्हणजे मेहनत करायची ती ऐकण्यात.

म्हणून वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याची योजना तूर्त बाजूला ठेवा, असं मी सांगेन. योजना वाईट नाही. पण 66 पुस्तकांच्या बायबलात 1189 अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन ते चार. 1 जानेवारीला उत्पत्तीपासून निघालेला माणूस महिनाअखेरीस तिसऱ्या पुस्तकातल्या, लेवीयमधल्या अर्पणांच्या नियमांत पोहोचतो आणि तिथेच अडकतो. त्यापेक्षा येशूचं जीवन सांगणारं मार्ककृत शुभवर्तमान घ्या. 16 अध्याय, रोज दहा-बारा वचनं, साधारण दोन महिने.

आणि सावकाश वाचा. उदाहरणार्थ चौथ्या अध्यायातलं वादळ (4:35-41). नाव पाण्याने भरतेय आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. ही उशी फक्त मार्क सांगतो, हीच घटना लिहिणारे मत्तय आणि लूक सांगत नाहीत. बरोबर आणखी नावा होत्या, हेही त्याचंच. शिष्य त्याला उठवून विचारतात ते जवळजवळ आरोपासारखं आहे: आपण बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? यावर तो आधी वारा शांत करतो आणि विश्वासाबद्दल त्यानंतर विचारतो. हा क्रम बघा. त्यांचा विश्वास तपासून मग वाचवलेलं नाही. त्या दिवशी एवढंच पुरे. मग स्वतःला विचारा, की आज माझा त्याच्यावर कोणता आरोप आहे, आणि तोच प्रार्थनेत बोला. सजवलेल्या शब्दांची गरज नाही.

'काही जाणवत नाही' अशा दिवसांसाठी बायबलातली स्तोत्रं आहेत. स्तोत्र 13 अवघं सहा वचनांचं. पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' येतं आणि शेवट गाण्यात होतो. स्तोत्र 88 मात्र सुटत नाही, ते अंधारातच संपतं. तरीही ते शास्त्रात आहे आणि तेही देवालाच उद्देशून म्हटलेलं आहे. स्वतःचे शब्द आटले की ही उसनी घ्यावीत, मोठ्याने वाचावीत. येशूने शिष्यांना शिकवलेली प्रभूची प्रार्थनाही त्यासाठीच. ख्रिस्ती मंडळीच्या अगदी आरंभीच्या, 'दिदाखे' नावाच्या शिकवणुकीत ती दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. पाठ केलेली प्रार्थना म्हणजे निर्जीव प्रार्थना, हा आपल्यातल्या काहींचा हट्ट मला कधीच पटला नाही.

वेळ कोणती? प्रभू पहाटे उठून एकांतात गेला (मार्क 1:35), दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. तुमच्या दिवसात जी वेळ रोज खरोखर सापडते ती धरा, पंधरा मिनिटं का असेनात. दानीएलाची गोष्ट वाचताना सिंहांकडे लक्ष जातं, पण 6:10 पाहा: प्रार्थनेवर बंदी घालणारा हुकूम निघाल्याचं कळल्यावर तो घरी गेला आणि पूर्वीपासून करत असे तसंच त्याने केलं. संकटासाठी नवी भक्ती त्याला शोधावी लागली नाही.

एकट्याने हे रेटू नका. मंडळीत जाणं, प्रभुभोजन घेणं हे तर आहेच (इब्री 10:25), पण एक असा माणूसही हवा, ज्याला 'या आठवड्यात मी काहीच वाचलं नाही' हे न लाजता सांगता येईल. उपवास करावासा वाटला तर करा, पण प्रकृती पाहून. औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. अन्न सोडायचं आणि तो वेळ मोबाइलमध्ये घालवायचा, याला मात्र मी उपवास म्हणत नाही.

शंका आहेत म्हणून थांबू नका. मार्क 9:24 मधला बाप 'माझा विश्वास आहे' आणि 'माझा अविश्वास घालवून टाका' हे एका दमात म्हणतो, आणि त्याचा मुलगा बरा होतो.

एक जरा वेगळी गोष्ट. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चालू असेल, तर तो निव्वळ आत्मिक कोरडेपणा समजू नका, डॉक्टरांना दाखवा. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता (1 राजे 19), तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. बोलणं पुढे होरेब डोंगरावर झालं.

राहिले चुकलेले दिवस. त्यांची भरपाई करू नका, मागचा साठलेला भाग एका बैठकीत संपवायला जाऊ नका. खूण जिथे आहे तिथून पुढचा उतारा वाचा. दोन महिन्यांचे तीन झाले तरी हरकत नाही. मार्क संपला की योहान घ्या.