चांदणी तारेनं नाही, सुतानं बांधा

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापुरात राहता, घरात दोन लहान मुलं, नाताळला हातानं करता येईल अशी साधी सजावट हवी. गेल्या वर्षी कागदाची चांदणी केली, ती चार दिवसांत वाकडी झाली, म्हणून यंदा थर्माकोलची आणू का?

थर्माकोलचा विषय आधी मिटवतो. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. आता चांदणी.

ती कागदामुळं वाकडी झाली नाही. तुम्ही सांगाडा तारेनं बांधला असणार. पैजेवर सांगतो, कारण आमचे दाजी दरवर्षी तारेनंच बांधतात आणि दरवर्षी २५ तारखेच्या आत त्यांच्या चांदणीचं एक टोक जमिनीकडं बघायला लागतं. वर दोष कागदाला.

बुरुडाकडनं आणलेली कामटी, म्हणजे बांबूची चिरलेली पट्टी, पूर्ण वाळलेली नसते. आपल्याकडं डिसेंबरची हवा कोरडी, आठवड्याभरात ती जाडीत बारीक होते. तारेचा वेढा आहे तेवढाच राहतो, म्हणजे सैल पडतो. बांबूची पाठ गुळगुळीत, त्यामुळं सांधा फिरतो. त्याच वेळी खळ, म्हणजे मैद्याची शिजवलेली चिकी, लावलेला कागद वाळताना ताणत असतो, आणि जिथं सांधा सैल तिकडं अख्खी चांदणी झुकते. सुताचं तसं नाही. सुताच्या गाठीवर खळ चोपडली की धागे आणि कामटी मिळून एक गोळा होतो, तो हलत नाही. नायलॉन घेऊ नका, तो तारेचाच भाऊ. सूत भिजवूनही बांधू नका. ओलं असताना घट्ट वाटतं, वाळलं की ढिलं.

कामट्या दहा लागतात. रुंदी ८ मिलिमीटर, जाडी ३. जाडी ४ झाली की वाकायच्या ऐवजी मोडते. लांबी ६२ सेंटिमीटर. दोन्ही टोकांना एकेक सेंटिमीटर सोडून खूण करा, मधे ६० राहतात. टोकाच्या खुणेपासून आत २३ वर दोन्हीकडनं आणखी एकेक खूण. मधला तुकडा १४ चा उरतो. काठ्या एकमेकींना इथंच छेदायला पाहिजेत, नाहीतर पाचही टोकं सारखी येत नाहीत. छोटी करायची असेल तर ४५ च्या काठीला १७, ११, १७ धरा. दाजी म्हणतात, डोळ्यानं बघून जमतं की ओ. जमतं, एका टोकाला एक सेंटिमीटरची चूक चालणार असेल तर. संध्याकाळी आत दिवा लागला की ती चूक रस्त्यावरून दिसते.

पाच काठ्यांची टोकं आधी सैल बांधायची. प्रत्येक काठी एकीच्या वरून आणि दुसरीच्या खालून गेली पाहिजे. मग सरकवत सरकवत खुणेवर खूण आणायची आणि त्यानंतरच गाठी आवळायच्या. सूत २० काउंटचं, चार पदरी, तिरके सहा-सात वेढे. असे दोन सांगाडे झाले की एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा. आता आतल्या पाच छेदांवर मागच्या-पुढच्या सांगाड्यांमध्ये टेकू बसवायचे. तेही १४ सेंटिमीटरचेच, दोन्ही टोकांना खाच पाडलेले. टेकू ओळीनं बसवू नका. गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसं एक सोडून एक घ्या, नाहीतर सांगाडा एका अंगाला ओढला जातो आणि मग कितीही गाठी मारा, सरळ होत नाही.

खळीला ५० ग्रॅम मैदा, ३०० मिलिलिटर पाणी. मैदा गार पाण्यातच कालवायचा, गरम पाण्यात टाकला की गुठळ्या. मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळा. उतरवल्यावर चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर आणि झुरळं कागद खात नाहीत.

कागद पतंगी. जिलेटीन खळीनं चिकटत नाही आणि दिवा लागला की डोळ्यावर येतो. तुकडे एकूण २२ होतात: पुढचे-मागचे मिळून टोकांचे १० त्रिकोण, बाजूच्या फटींचे १०, आणि मधले २ पंचकोन. टोकाच्या त्रिकोणाच्या बाजू २३, २३, १४, फटींच्याही तेवढ्याच, कारण टेकू १४ चा घेतला. म्हणजे २० तुकडे एकाच मापाचे, मुलांना एक पुठ्ठा कापून दिला की बसतात कापत. चहूबाजूंनी एक सेंटिमीटर जास्तीचा ठेवा. खळ काठीला लावायची, कागदाला नाही. ओला पतंगी कागद उचलतानाच फाटतो. आधी बाजूचे तुकडे, मग टोकं, पंचकोन शेवटी. वाळला की कागद आपोआप ताणतो. पांढऱ्यावर पाण्याचा हलका फवारा मारला तर आणखी ताणतो, रंगीतावर मारू नका, रंग सुटतो. मागचा पंचकोन वरच्याच कडेला चिकटवा, बाकी मोकळा ठेवा. दिवा तिथूनच आत जातो. आत अर्ध्या वॉटचा झिरोचा एलईडी पुरे, जुना गरम होणारा बल्ब अजिबात नको. होल्डर टेकूला बांधा, कागदाला टेकता कामा नये.

कुणी म्हणेल, हा तर दिवाळीचा आकाशकंदील. असू दे की. बायबलमधल्या शुभवर्तमानात येशूजन्माच्या ताऱ्याला किती टोकं होती ते लिहिलेलं नाही.

राहिला ख्रिसमस ट्री. पूर्व भागात ओळखीचा यंत्रमाग कारखाना असेल तर सुताचे रिकामे कागदी कोन मागून आणा. कोन साधारण १७ सेंटिमीटर उंच असतो, पण उतार कमी, त्यामुळं नुसता हिरवा रंग दिला तर झाड दिसत नाही, कोनच दिसतो. हिरव्या कागदाच्या झालरी कापा, तळाला ५ सेंटिमीटरची, वर जाताना कमी करत शेंड्याला २. खालून वर चिकटवत जा, वरची झालर खालचीच्या चिकटपट्टीवर यायला पाहिजे. तळ पुठ्ठ्यानं बंद करा आणि शेंड्याच्या भोकातून आत मूठभर वाळू भरा, नाहीतर पंख्यानं पडतो. टॉवेलच्या कात्रणाची झालर जास्त छान दिसते, पण त्याच्या लवेवर आग झरकन पसरते, जवळ मेणबत्ती नको. आणि झाडावर कापसाचा बर्फ लावू नका. एक तर तो पेट घेतो, दुसरं म्हणजे बाहेर मालदांडी ज्वारी पोटरीत असताना घरात बर्फ कशाला?

येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा कडब्याचा करा. डिसेंबरात मिळणारा कडबा गेल्या हंगामाचा, त्यात किडे असतात. दोन दिवस उन्हात टाका, मग रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळा, नाहीतर धाट कापताना तडकतं. खिळे नकोत. सालपटाच्या अणकुचीदार काड्या करून आतल्या मऊ गाभ्यात खुपसायच्या, धाटांची खेळण्यातली बैलगाडी करताना करतो तसंच. सालपट बोट कापतं, ते काम मोठ्यांनी करा.

मोरचूद विषारी आहे हे आधीच सांगायला हवं होतं. मुलं खळीत हात घालणार असतील तर टाकूच नका. कसर लागली तर लागू दे, कागद तसाही दरवर्षी नवा लावायचा. सण झाला की कागद फाडून पाच टेकू काढले की सांगाडा सपाट होतो आणि कपाटामागं राहतो.

आणि हो, तार एका जागी लागते. वरच्या टोकाला टांगायची कडी सुताची केली तर वाऱ्यानं खिळ्यावर घासून तुटते. तिथं तारेचा दुहेरी वेढा द्या, आणि खालच्या दोन टोकांना दोरे बांधून बाजूला ताणा, म्हणजे चांदणी गरगरत नाही. तार तेवढ्यापुरतीच.