चटक्यांची खूण आणि गप्प आई

प्रश्न : मी मेळघाटातील धारणी तालुक्यातील एका उपकेंद्रात परिचारिका आहे. कोरकू आदिवासी माता माझ्या प्रत्येक प्रश्नाला नुसती मान हलवतात. परवा सहा महिन्यांच्या बाळाच्या पोटावर उपचार म्हणून दिलेले चटके दिसले. मी रागावले आणि आई गप्पच झाली. माहिती कशी घ्यावी?

उत्तर : तुमचा राग समजतो, परंतु त्याच रागामुळे ती आई पुढच्या वेळी उपकेंद्राची पायरी चढणार नाही. मान हलवणे म्हणजे होकारच असे नाही. पुष्कळदा तो निव्वळ संकोच असतो. म्हणून ‘ताप आहे का?’ असे न विचारता, ‘हे कशामुळे झाले असे घरी वाटते, आधी भूमकाला (गावातील पारंपरिक वैदूला) दाखवले का?’ असे सहज स्वरात, शक्यतो कोरकू बोलणाऱ्या आशाताईंमार्फत विचारावे. सासू मध्यस्थ असली की आईचे अर्धे बोलणे गळते. चटके बहुधा पोट फुगल्यावर किंवा धाप लागल्यावर दिले जातात, तेव्हा ती खूण तपासणीचा धागा समजावी. बाळ शांत असताना झबले वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत; या वयात ते ५० किंवा अधिक असल्यास न्यूमोनियाची शंका घ्यावी, आणि छाती आत ओढली जात असल्यास तातडीने रुग्णालयात पाठवावे. चटक्यांविषयीचे बोलणे बाळ सावरल्यावर करावे.