ताजा लसूण घेताना काय पाहावं आणि तो फ्रीजमध्ये ठेवला तर चालतो का?

वाळलेला अख्खा गड्डा फ्रीजमध्ये ठेवू नका. याच गोष्टीवरून जाऊबाईंशी माझा वाद झाला होता आणि तो अजून मिटलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

त्या वर्षी मी नुकताच उपटलेला चार किलो लसूण पातीसकट घेतला. सावलीत, वारा लागेल असा पसरून तीन आठवडे सुकवला. उन्हात मुद्दाम टाकला नाही. फार उष्णता बसली की पाकळ्या आतून पिवळट, मेणचट होतात आणि वरून काहीच कळत नाही. मान दाबल्यावर कडक लागेपर्यंत आणि पापुद्रा कागदासारखा वाजेपर्यंत थांबले, मग पात कापून जाळीच्या पिशव्यांत टांगला. असा लसूण चार-पाच महिने सहज टिकतो.

पुढे मी महिनाभर बाहेरगावी होते. परतले तर दोन्ही पिशव्या फ्रीजमध्ये. "बाहेर खराब झाला असता," जाऊबाई म्हणाल्या. मी काढून पुन्हा टांगला आणि दोन आठवड्यांच्या आत जवळजवळ प्रत्येक गड्ड्याला कोंब आले. वर मलाच ऐकावं लागलं, की घेतानाच जुना घेतला असणार.

जुना नव्हता. काढणीनंतर लसूण सुप्तावस्थेत असतो आणि त्यातून त्याला जागं करते ती थंडीच. साधारण 4 ते 10 अंश सेल्सिअसला ही सुप्तावस्था लवकर मोडते, आणि घरचा फ्रीज नेमका त्यातच येतो. बाहेर काढून ऊब मिळाली की कोंब जोरात फुटतो. "शीतगृहात ठेवतातच की," असं जाऊबाई आजही म्हणतात. तिथे तापमान 0 अंश किंवा किंचित खाली असतं आणि आर्द्रता 60-70 टक्के. आपला भाजीचा कप्पा तेवढा थंड नसतो, तेवढा कोरडाही नसतो.

आता निवडीचं. गड्डा आकाराच्या मानाने जड हवा, दाबल्यावर कुठेही बोट आत जाता कामा नये. बुडाकडे नक्की पाहा, सालीखाली काळी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. सोललेला किंवा सुट्या पाकळ्यांचा लसूण मी साठवणीसाठी घेतच नाही. गड्डा फोडला की टिकण्याचे दिवस झपाट्याने कमी होतात. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीतून आधी बाहेर काढा. जाळी, टोपली, काहीही चालेल, फक्त हवा खेळली पाहिजे आणि चुलीची धग लागता कामा नये.

कोंब आलेला लसूण विषारी नसतो, हे जाऊबाईंचं म्हणणं मला मान्य आहे. मधला हिरवा कोंब कडवट लागतो, तो काढून टाकायचा. पण पुढे त्यांनी जे केलं ते मान्य नाही. उरलेल्या पाकळ्या सोलून, तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवली. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आंबटपणा नसतो, आणि मातीतून आलेल्या बोटुलिनम जिवाणूंच्या बीजाणूंना विष तयार करायला एवढं पुरतं. वासावरून किंवा रंगावरून ते ओळखता येत नाही. 1985 साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये तेलातल्या बारीक केलेल्या लसणामुळे 36 जण असे आजारी पडले होते. ती बरणी मी न विचारता फेकली आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा फेकेन. तेलात घालायचाच असेल तर लगेच फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा.

एक राहिलं. तुम्ही 'ताजा' म्हणता तो न सुकवलेला, ओली साल आणि हिरवी पात असलेला लसूण असेल, तर मात्र तो फ्रीजमध्येच ठेवा आणि आठवड्याभरात वापरा. सोललेल्या पाकळ्याही बंद डब्यात फ्रीजमध्येच.