मोबाईल जास्त वापरणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य जास्त दिसतं, म्हणजे मोबाईलमुळेच नैराश्य येतं का?

नाही, नुसत्या कोरिलेशनवरून तसं म्हणता येत नाही, दोन गोष्टी सोबत वाढतात एवढंच त्यातून कळतं. उलटंही असू शकतं ना, आधीच उदास असलेलं पोरगं मित्रांत मिसळत नाही आणि मग मोबाईल घेऊन बसतं, किंवा तिसरंच काही असेल, म्हणजे अपुरी झोप, घरातली भांडणं, शाळेतला त्रास, ज्याने दोन्ही वाढतं. शिवाय संबंध किती मोठा आहे हे बातमीत कोणी सांगतच नाही आणि खरी गोम तिथेच आहे! २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांचा डेटा तपासला, तर मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग स्क्रीनच्या वापराशी जुळत होता. त्याच डेटात नियमित बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निगेटिव्ह निघाला आणि चष्मा लावण्याचा तर त्याहून जास्त, आता चष्म्याने नैराश्य येतं असं कोणी म्हणेल का? आणि समजा एखाद्या अभ्यासात कोरिलेशनचा आकडा (० म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.२ आला, तरी किती फरक त्याने समजतो हे बघायला त्याचा वर्ग करतात, तो ०.०४, म्हणजे फक्त ४ टक्के फरक समजला, बाकी ९६ टक्के दुसरीकडेच.

फक्त एक लक्षात घ्या, हे आकडे सरासरीचे आहेत, त्यामुळे तुमच्या मुलाची रात्रीची झोप मोबाईलपायी जात असेल किंवा त्याला ऑनलाइन कोणी छळत असेल तर त्याच्यापुरता तो प्रश्न खरा आहे आणि त्यावर लगेच बोलायला हवं.