दोन वर्षांचा करार आणि वीस वर्षांचा हप्ता

प्रश्न वडोदऱ्याच्या कारेलीबागेतून आला आहे. मुलगा 19 वर्षांचा, फुटबॉलपटू, मिडफिल्डर म्हणजे मधल्या फळीत खेळणारा, यंदा त्याला पहिला व्यावसायिक करार मिळाला. पहिल्या वर्षी 9 लाख, दुसऱ्या वर्षी 11 लाख, तिसरं वर्ष क्लबच्या मर्जीवर 14 लाखांनी. सही करताना 3 लाख आणि मैदानात उतरलेल्या प्रत्येक सामन्याला 8,000 रुपये. एजंट 10 टक्के घेतो. राहण्या-जेवणाची सोय क्लबकडे. वडील खासगी कंपनीत 48,000 पगारावर, निवृत्तीला चार वर्षं. घर भाड्याचं, 14,000 रुपये. आता गोत्रीला 52 लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिला आहे, ताबा दीड वर्षांनी. 12 लाखांची बचत घालून 40 लाखांचं कर्ज मुलाच्या नावावर काढावं का, असं आईनं विचारलं आहे. 51,000 रुपये टोकन दिलेलं आहे.

ताई, मुलाचं मनापासून अभिनंदन. अकादमीतून निघून पहिल्या करारापर्यंत पोचणारी मुलं फार थोडी असतात. पण हा फ्लॅट आत्ता घेऊ नका.

आधी फ्लॅटचाच हिशेब मांडू. 52 लाखांवर गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क 4.9 टक्के, म्हणजे 2,54,800. नोंदणी फी 1 टक्का, 52,000. बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटी 5 टक्के, 2,60,000. बिल्डरच्या भावात तो धरला आहे का, हे लेखी विचारा. धरला नसेल तर एकूण खर्च 57,66,800. तुमच्याकडे 12 लाख, बँकेचे 40 लाख आणि सहीच्या 3 लाखांतून टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) नि एजंट वजा जाता उरलेले 2.4 लाख, एकूण 54.4 लाख. म्हणजे घरात एक खुर्चीही आणायच्या आधी सव्वातीन लाख कमी पडतात. ते बहुतेक पर्सनल लोन किंवा सोनं तारण ठेवून उभे राहतील, आणि मग सगळी गणितं बिघडतील.

आता महिन्याची आवक. 75,000 मधून 10 टक्के टीडीएस, 10 टक्के एजंट, हातात 60,000. क्लब राहण्याचं पाहत असला तरी या वयातल्या खेळाडूला स्वतःचा खर्च असतोच: ऑफ-सीझनमध्ये फिजिओ आणि जिम, प्रथिनं, वर्षाला तीन-चार जोड बूट, घरी येण्या-जाण्याचं भाडं, फोन, कपडे. महिना 25,000 धरा, यात चैन नाही. उरले 35,000. आणि 40 लाखांना 8 टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता येतो 33,458. पहिले दीड वर्ष बिल्डरला टप्प्याटप्प्यानं पैसे जातील तेव्हा हप्ता थोडा कमी असेल, पण तुमचं 14,000 भाडंही चालूच राहील.

समजा, दोन वर्षं सगळं सुरळीत झालं आणि पहिल्या महिन्यापासून पूर्ण हप्ता भरला. तरी 8,02,992 रुपये भरूनही बाकी राहील 38.24 लाख, कारण सुरुवातीचा हप्ता बहुतेक व्याजातच जातो. त्याच वेळी कराराची खात्रीची मुदत संपलेली असेल. तिसरं वर्ष क्लबच्या मर्जीवर आहे, म्हणून हिशेबात 14 लाखांचा आकडा शून्य धरायचा.

सामन्यामागचे 8,000 तर अजिबात मोजू नका. मिडफिल्डर असल्यामुळे हे मुद्दाम सांगतो. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात असू शकतात, आणि क्लब त्या जागा बहुतेक स्ट्रायकर, अटॅकिंग मिडफिल्ड आणि सेंटर बॅक यांच्यावर खर्च करतात. त्यामुळे मधल्या फळीतल्या नव्या भारतीय मुलाला पहिल्या हंगामात शेवटची दहा-पंधरा मिनिटं मिळणं हेच सर्वसाधारण असतं. अनेकांना दुसऱ्या क्लबकडे लोनवर, म्हणजे काही काळासाठी उसने, पाठवतात. ते त्याच्या खेळासाठी चांगलंच, पण पगार कोणता क्लब देणार आणि सामन्याचे पैसे कोण देणार, हे लोनच्या करारात लिहून घ्यावं लागतं.

क्लबच अडचणीत आला तर? ही शंका हवेतली नाही. 2025 च्या जुलैमध्ये आयोजक कंपनीनं आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवला आणि त्यानंतर काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच रोखले. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांत यावर तरतूद आहे: दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी नोटीस देऊन 15 दिवसांची मुदत द्यायची, तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडू योग्य कारणानं करार मोडू शकतो. पण देशातला वाद भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीपुढे जातो आणि निकाल यायला महिने लागतात. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच कापला जातो.

मला सर्वात जास्त खटकते ती गोष्ट वेगळीच आहे. 19 वर्षांच्या मुलाला, दोन वर्षांचे आयकर रिटर्न नसताना, बँक एकट्याच्या जोरावर 40 लाख सहसा देत नाही. ती वडिलांना सहकर्जदार करते. त्यामुळे कागदावर कर्ज मुलाचं असलं, तरी मुलाचा गुडघा गेला की ते निवृत्तीला टेकलेल्या माणसाचं होतं. एसीएल हा गुडघ्यातला अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने जातात, आणि मिडफिल्डरला वळणं, थांबणं, टॅकल हे सगळं त्याच सांध्यावर करायचं असतं.

म्हणून पहिलं काम विम्याचं. क्लबकडून लेखी मागा: शस्त्रक्रिया, रिहॅब आणि दुखापतीच्या काळातला पगार यांतलं काय-काय, किती रकमेपर्यंत झाकलेलं आहे. बाजारातल्या नेहमीच्या अपघात विमा पॉलिसी व्यावसायिक खेळातली दुखापत बहुधा वगळतात. विमा एजंट 'सगळं कव्हर आहे' म्हणेल, तुम्ही अपवादांचं पान वाचा. आरोग्य विम्याच्या अर्जात व्यवसाय 'व्यावसायिक फुटबॉलपटू' असाच लिहा. 'विद्यार्थी' लिहून हप्ता वाचवला तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

दुसरं, सहीचे 2.4 लाख वेगळ्या बँकेत मुदत ठेवीत टाका आणि पहिल्या दोन महिन्यांच्या बचतीतून ती रक्कम 3 लाख करा. हा त्याचा बारा महिन्यांचा खर्च. नोकरदाराला सहा महिने पुरतात, फुटबॉलपटूला नाही: आपल्याकडचे करार बहुतेक 31 मे रोजी संपतात, पुढचा क्लब जुलै-ऑगस्टपर्यंत ठरत नाही, आणि तोवर ना पगार ना फिजिओ.

तिसरं, त्याच्या नावानं पीपीएफ खातं आत्ताच उघडा. व्याज 7.1 टक्के, वर्षाला कमाल दीड लाख, मुदत 15 वर्षं. तो साधारण 34-35 चा होईल तेव्हा पैसे मोकळे होतील, आणि मधल्या फळीतले खेळाडू त्याच सुमाराला थांबतात. महिना 10,000 इथे, 8,000 शेअरबाजाराच्या निर्देशांकावर चालणाऱ्या फंडात दरमहा (एसआयपी), उरलेले 12 ते 15 हजार घरासाठी आवर्ती ठेवीत. घराचे पैसे शेअरबाजारात नकोत, कारण ते तीन-चार वर्षांत लागणार आहेत.

कराचं थोडं. क्लब 10 टक्के टीडीएस कापतो म्हणजे करार पगारी नोकरीचा नाही, व्यावसायिक फीचा आहे. मग पगारदारांची 75,000 ची वजावट मिळत नाही, पण एजंटची फी, बूट, फिजिओ, प्रवास हे खर्च म्हणून दाखवता येतात. पावत्या ठेवा. डॉक्टर-वकिलांना मिळते ती निम्मं उत्पन्न नफा धरण्याची सवलत खेळाडूंना नाही, म्हणून अंदाजपंचे रिटर्न भरू नका. निव्वळ उत्पन्न 12 लाखांच्या आत असल्यानं नव्या करप्रणालीत कर शून्य येईल आणि कापलेला टीडीएस परत मिळेल. तो परतावा घरखर्चात न मिसळता वर्षाच्या दीड लाखाच्या मर्यादेत बसेल तेवढा पीपीएफमध्ये आणि उरलेला घराच्या ठेवीत टाका. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जव्याजाची वजावट नसते, तेव्हा 'कर वाचेल म्हणून कर्ज घ्या' या सल्ल्याला इथे अर्थ नाही.

एजंटच्या 10 टक्क्यांवर बोलणी करा. एवढ्या कमाईच्या खेळाडूसाठी फिफानं 2023 च्या नियमांत 5 टक्क्यांची मर्यादा घातली होती. डिसेंबर 2023 अखेरीस तिची अंमलबजावणी थांबली, पण बोलणीत तो आकडा उपयोगी पडतो. एजंटशी करार दोन वर्षांहून जास्त मुदतीचा नको, आणि आपोआप वाढणारा तर नकोच.

घर मात्र घ्याच, दुसऱ्या करारानंतर. तेव्हा तयार ताब्याचा फ्लॅट पाहा, म्हणजे जीएसटी वाचेल आणि हप्ता व भाडं एकाच वेळी भरावं लागणार नाही. किमान 40 टक्के रक्कम स्वतःची असू द्या, आणि हप्ता एवढाच ठेवा की त्याचा पगार एक वर्ष बंद पडला तरी बाजूला ठेवलेल्या रकमेतून भरता येईल. दस्तावेज फक्त तुमच्या नावावर केला तर गुजरातमध्ये नोंदणी फी माफ होते. वडिलांचं किंवा मुलाचं नाव सोबत जोडलं की ही माफी जाते. मात्र फेडणारा मुलगा असेल, तर नाव कुणाचं हे घरात आधी उघड बोलून ठरवा.

राहिलं टोकन. नोंदणीकृत बानाखत (विक्रीचा करारनामा) झाल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, त्यामुळे पुढचा चेक देऊ नका. पावतीवर रद्द करण्याची अट काय आहे ते पाहा, याच आठवड्यात ईमेलनं बुकिंग रद्द केल्याचं कळवा आणि टोकन परत मागा. प्रकल्पाचा रेरा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण) क्रमांक त्या पत्रात लिहा. टाळाटाळ झाली तर गुजरात रेराकडे तक्रार करता येते. आणि 51,000 पैकी काही बुडाले, तरी त्यासाठी व्यवहार पुढे रेटू नका.