वाचकांचे प्रश्न : घरच्या संग्रहाची सूची

प्रश्न : निवृत्तीनंतर मी घरातील सुमारे बाराशे पुस्तके, वडिलांच्या वेळचे दिवाळी अंक आणि नाट्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका व कॅसेटी यांची विषयवार सूची वहीत करू लागलो. परंतु एखादे पुस्तक नटाचे चरित्रही असते आणि रंगभूमीचा इतिहासही. दोन्हीकडे लिहिले तर मोजदाद चुकते, एकीकडे लिहिले तर दुसरीकडे सापडत नाही. ‘पुन्हा वाचायची’, ‘उसनी दिलेली’ अशा याद्यांचे सुटे कागदही वाढत चालले आहेत. नात म्हणते, संगणकावर तक्ता करा. काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपली अडचण विषय ठरवण्याची नाही, वस्तूची नोंद आणि वस्तूंची यादी ही दोन वेगळी कामे एकाच वहीवर सोपवल्यामुळे ती उद्भवली आहे. ग्रंथालयात पुस्तक आले की प्रथम दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो, तो येण्याच्या क्रमाने असतो, विषयाशी त्याचा संबंध नसतो आणि पुस्तक गहाळ झाले तरी तो दुसऱ्या पुस्तकाला दिला जात नाही. आपणही प्रत्येक वस्तूला असा एक क्रमांक द्यावा, पुस्तकात तो पेन्सिलीने लिहावा आणि एका वस्तूची एकच नोंद ठेवावी. मग ‘चरित्र’, ‘रंगभूमी’, ‘उसनी दिलेली’ या साऱ्या त्या नोंदीला लावलेल्या खुणा ठरतात; एका नोंदीला चार खुणा लागल्या तरी मोजदादीत पुस्तक एकच राहते. नातीचा सल्ला म्हणूनच योग्य आहे. तक्त्यात ‘याद्या’ नावाचा एक रकाना ठेवून त्यात या खुणा स्वल्पविरामाने लिहिल्या, की फिल्टर लावून, म्हणजे हवी ती खूण असलेल्याच नोंदी दाखवायला सांगून, हवी ती यादी समोर येते.

ग्रंथालयांचे वर्गीकरण मात्र घरी आणू नये. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. आपल्या कपाटातील बरीच पुस्तके त्या एकाच अंकाखाली गोळा होतील आणि शोधणे तिथेच राहील.

खरी काळजी नावांची घ्यावी लागते. आरती प्रभू या नावाने कविता लिहिणारे आणि चिं. त्र्यं. खानोलकर या नावाने कादंबऱ्या लिहिणारे लेखक एकच आहेत, हे आपल्याला ठाऊक असते, तक्त्याला नसते. म्हणून मुखपृष्ठावरचे नाव एका रकान्यात आणि आपण ठरवलेले एकच नाव, आडनाव आधी घेऊन, शेजारच्या रकान्यात लिहावे. आद्याक्षरांमधली मोकळी जागा कधी सोडली, कधी गाळली, तर संगणक एका लेखकाचे दोन करतो. अक्षरानुक्रमही कित्येकदा आपल्या सवयीचा मिळत नाही : वर्णमालेत ‘ह’नंतर येणारा ‘ळ’ युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) क्रमात ‘ल’च्या मागोमाग येतो, आणि अनेक मराठी कोशांत शेवटी असणारा ‘क्ष’ जोडाक्षर म्हणून ‘क’मध्ये जाऊन बसतो. हा दोष आपल्या नोंदीचा नव्हे, त्यामुळे तो दुरुस्त करण्यात दिवस घालवू नयेत.

‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळी अंकाचा पायंडा पाडला. तेव्हापासून हे अंक तारखेपेक्षा सालाने ओळखले जातात, म्हणून मासिकाचे नाव आणि साल एवढी नोंद पुरे. संपूर्ण अनुक्रमणिका उतरवण्याचा मोह टाळावा (या मोहापायी अर्ध्यावर सोडलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत, त्यांतली एक माझीच आहे). ज्या लेखासाठी अंक जपला, तेवढा पृष्ठांकासह लिहावा. ध्वनिमुद्रिकेच्या लेबलावरचा क्रमांक अवश्य टिपावा, कारण तेच पद त्याच गायकाने पुन्हा गायलेले असेल तर दोन्हींतला फरक त्यावरून कळतो. घरी भरलेल्या, चिठ्ठी नसलेल्या कॅसेटी ऐकल्याशिवाय नोंदवता येणार नाहीत. त्यांना आज नुसता क्रमांक आणि ‘ऐकायच्या’ ही खूण द्यावी. ‘उसनी दिलेली’ या खुणेशेजारी घेणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहिण्याचा संकोच मात्र करू नये.