हिवाळ्यात माळरानावर शिकारी पक्ष्यांचे फोटो धूसर का येतात?

तुमचं म्हणणं असं की १५०-६०० मिमीची लेन्स घेतली, भिगवणच्या बाजूला दोन चकरा मारल्या, तरी भोवत्या (हॅरियर) आणि गरुडांचे फोटो धुरकट येतात, त्यातही निम्मे पाठमोरे. लेन्स बदलू का? बदलू नका. आधी हे सांगा, माळावर पोचता किती वाजता?

पुण्याहून सातला निघायचं, वाटेत मिसळ हाणायची आणि दहाला कडबनवाडीच्या माळावर उतरायचं, हा माझाही नेम होता. पहिला हिवाळा त्यातच गेला. मी तर लेन्स तपासून घेतली, तिच्यात काही निघालं नाही. खोट हवेत होती. डिसेंबर-जानेवारीत इंदापूर-बारामतीकडे पहाटे दातावर दात वाजतात आणि दुपारी स्वेटर कमरेला बांधावा लागतो. ऊन चढलं की नांगरलेली काळी रानं तापतात, त्यांच्यावरची हवा थरथरते. नुसत्या डोळ्याला जाणवत नाही, पण ६०० मिमीतून शंभर मीटरवरचा पक्षी बघा, पाण्याखाली बसल्यासारखा दिसतो. याला शटर वाढवून उपयोग नाही आणि घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये शार्प करूनही नाही. साडेनऊनंतर मी लांबचा फोटो काढतच नाही, दुर्बीण लावून नुसता बघत बसतो.

हाच घोळ गाडीतही होतो. थंडी वाजते म्हणून हीटर लावायचा आणि काच खाली करून लेन्स बाहेर काढायची, की आतली गरम हवा लेन्ससमोरूनच बाहेर पडते. हीटर बंद, इंजिनही बंद.

लवकर जाण्याचा दुसरा फायदा पक्ष्याच्या बाजूने आहे. मोठे गरुड वर चढणाऱ्या गरम हवेवर तरंगतात आणि हिवाळ्यात ती हवा उशिरा तयार होते. तोवर सापमार गरुड, मोरघार अशी मंडळी बाभळीच्या शेंड्यावर नाहीतर विजेच्या खांबावर अंग शेकत बसलेली असतात. दहानंतर तीच आभाळात ठिपका होतात. भोवत्यांना मात्र या हवेची वाट बघावी लागत नाही. ते उजाडताच गवताच्या शेंड्यांना घासत फिरायला लागतात. तुमच्या डोळ्याच्या उंचीवर उडणारा शिकारी पक्षी यापेक्षा सोपा मिळणार नाही.

आता पाठमोऱ्या फोटोंचं. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडतो आणि तसाच उतरतो. हिवाळ्यात आपल्याकडे सकाळचा वारा बहुधा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो आणि सूर्यही पूर्वेलाच. म्हणजे पूर्वेला पाठ करून थांबलात तर ऊन पाठीशी, वारा पाठीशी आणि उडणारा पक्षी तुमच्या तोंडावर. संध्याकाळी वारा तोच राहिला तर सगळं उलटं. सूर्य पाठीशी घेतलात की पक्षी शेपूट दाखवत जातो. माझ्या मते तुमचे पाठमोरे फोटो संध्याकाळचे असणार. ते फेकू नका. माँटेग्यूच्या भोवत्याच्या नराच्या पंखावरची काळी पट्टी वरूनच नीट दिसते आणि फिकट भोवत्याचा नर त्यावरूनच वेगळा काढता येतो.

सेटिंगचं थोडक्यात: उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, ॲपर्चर लेन्स देईल तेवढं उघडं, आयएसओ ऑटो. मागे आभाळ असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) वाढवा, नाहीतर पक्षी कोळसा होतो. भोवत्याचा राखाडी-पांढरा नर सावलीतल्या गवतावर असेल तर उलट अर्धा-पाऊण स्टॉप कमी करा. खरुची (केस्ट्रेल) सगळ्यात उपकारी. वाऱ्यावर एका जागी पंख मारत थांबते आणि डोकं तर खिळा ठोकल्यासारखं स्थिर. फोकसचा सराव तिच्यावरच करा.

खांबावरचा गरुड कधी उडेल हे ओळखायचं तर त्याच्या शेपटीवर नजर ठेवा. शीट टाकून पुढे झुकला की बोट बटणावर. हे घाणेरडं वाटेल, पण माझे उड्डाणाचे बरेचसे फोटो या शिटेच्या भरवशावर मिळालेत.

जवळ जायच्या नादात गाडी गवतात मात्र घालू नका. भोवते रात्री झाडावर जात नाहीत, गवतात जमिनीवरच उतरतात, तेही घोळक्याने. दिवेलागणीला तिथे जीप फिरली की सगळा थवा उठतो आणि अंधारात नवी जागा शोधत बसतो. एकदा माझ्यासमोर असं घडलं. गाडीवाल्यांना फोटो काही मिळाला नाही, प्रकाशच नव्हता. पक्ष्यांना आमिष म्हणून खाटकाकडून मांस आणून टाकणारेही भेटतील, त्यांच्या गाडीत बसू नका. रस्त्यावरच थांबा. मेंढरं घेऊन जाणाऱ्या धनगराला हे पक्षी बुजत नाहीत, पण गाडीचं दार उघडलं की लगेच उडतात. असाच दार उघडत होतो तेव्हा एका बाबांनी मला सुनावलं होतं, “आतच बसा की वं, तुम्ही उतारला की ती जाती.”

म्हणून खिडकीवर लेन्स टेकवायला बीनबॅग लागेल. विकत घेऊ नका, जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवा आणि खिडकीवर टाका. आत धान्य भरलंत तर ती घरी डब्यात ठेवा. माझ्या पिशवीतली ज्वारी उंदरांनी दोनदा खाल्ली, आता मी मुरमुरे भरून नेतो आणि परतताना त्यांचा भडंग होतो.